होमरनचे आकडे आणि त्यांच्या तळटिपा

बेसबॉलच्या जुन्या चाहत्याला झोपेतून उठवून विचारले तरी तीन आकडे बिनचूक सांगता येतात: ७१४, ७५५ आणि ७६२. पहिला बेब रूथचा, दुसरा हँक अ‍ॅरनचा आणि तिसरा बॅरी बॉन्ड्सचा. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये कारकिर्दीत सर्वाधिक होमरन मारण्याचा विक्रम १९२१ साली रूथकडे आला आणि तेव्हापासूनच्या शंभराहून अधिक वर्षांत तो फक्त दोनदा दुसऱ्याच्या हाती गेला, १९७४ मध्ये अ‍ॅरनच्या आणि २००७ मध्ये बॉन्ड्सच्या. कागदावर पाहिले तर तुलना करण्यासारखे काही उरतच नाही, कारण ७६२ हा आकडा ७५५ पेक्षा मोठा आहे आणि ७५५ हा ७१४ पेक्षा. तरीही सर्वश्रेष्ठ होमरनवीर कोण, या प्रश्नावर अमेरिकेत आजही मतभेद होतात, आणि त्या वादात तिघांपैकी कोणाच्याही विरोधात बोलणारा माणूस आकडा नाकारत नाही. तो आकड्याखाली एक तळटीप जोडू पाहतो. अमुक विक्रमाच्या वेळी सामने जास्त होते, तमुक मैदान लहान होते, ह्याने औषधे घेतली, त्याच्यासमोर खरे प्रतिस्पर्धी नव्हतेच. गेली अनेक वर्षे हे वाद ऐकत आणि वाचत आल्यावर माझे मत असे झाले आहे की तळटीप यांतल्या प्रत्येक आकड्याला आहे, पण आपल्याला न आवडणाऱ्या खेळाडूची तेवढी आपण मोठ्याने वाचतो आणि आवडत्याची छापतसुद्धा नाही.

क्रिकेटच्या समालोचनावर कान तयार झालेल्या आपल्यासारख्यांना होमरन म्हणजे षटकार वाटतो, आणि ढोबळमानाने ते खरेही आहे. मात्र दोन्ही संघांच्या मिळून आठ-नऊ धावा होणाऱ्या सामन्यात एक होमरन पुष्कळदा निकालच ठरवतो. तो मारायचा असतो गोल लाकडी बॅटने, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणाऱ्या, टप्पा न पडणाऱ्या चेंडूवर, आणि तोही समोरच्या नव्वद अंशांच्या पट्ट्यात. मागे किंवा आडवा उडवलेला चेंडू कितीही दूर गेला तरी त्याला किंमत नाही. दुसरी गोष्ट मैदानाची. धाव पूर्ण करायला ओलांडाव्या लागणाऱ्या ठाण्यांमधले, म्हणजे बेस ते बेस, अंतर नियमाने पक्के ९० फूट असते, परंतु मागच्या कुंपणाची मापे प्रत्येक शहरात वेगळी. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडचे कुंपण जेमतेम ३१० फुटांवर आहे, पण तिथे ३७ फूट उंचीची भिंत उभी आहे. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सचा उजवा कोपरा अवघ्या २५८ फुटांवर होता, आणि त्याच मैदानाचा मध्यभाग मात्र इतका खोल की तिथे चेंडू पोहोचवणे भल्याभल्यांना जमले नाही. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच असल्यामुळे विरळ हवेत चेंडू तिथे अधिक लांब जातो. म्हणजे एकच फटका एका गावात होमरन ठरतो आणि दुसऱ्या गावात झेल.

रूथ येण्यापूर्वी होमरन ही फारशी महत्त्वाची गोष्टच नव्हती. कारकिर्दीतील सर्वाधिक होमरनचा त्याच्याआधीचा आकडा रॉजर कॉनरचा होता, १३८. फ्रँक बेकर नावाच्या खेळाडूला लोक कौतुकाने ‘होमरन बेकर’ म्हणत आणि त्याची एका हंगामातील सर्वोत्तम कामगिरी होती १२. त्या काळी एकच चेंडू शक्य तितका वेळ वापरला जाई. तो मळायचा, मऊ पडायचा, पिचर (चेंडू फेकणारा) त्याला थुंकी आणि तंबाखूचा रस लावत, आणि संध्याकाळच्या उतरत्या उजेडात तो बॅटरला धड दिसतही नसे. अशा वेळी शहाणपण चेंडू जमिनीलगत टोलवून धावत सुटण्यात होते. बॉल्टिमोरच्या एका सुधारगृहवजा शाळेत वाढलेला रूथ बॉस्टनच्या संघात आला तो पिचर म्हणून, आणि उत्तम पिचर म्हणून. कारकिर्दीत त्याने पिचर म्हणून ९४ सामने जिंकले आणि ४६ गमावले. १९१९ साली अधूनमधून पिचिंग करत असतानाच त्याने २९ होमरन मारले आणि तो नवा विक्रम ठरला. त्यानंतर बॉस्टनने त्याला न्यूयॉर्क यांकीजना विकले आणि १९२० च्या हंगामात त्याने ५४ होमरन मारले.

ह्या ५४ चा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण माझ्या मते होमरनच्या सगळ्या इतिहासात याच्याइतका विलक्षण आकडा नाही. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन शाखांपैकी रूथच्या शाखेत, दुसऱ्या क्रमांकावर होता जॉर्ज सिसलर, १९ होमरनसह. लीगमधील इतर सात संघांपैकी एकाही अख्ख्या संघाला मिळून ५४ होमरन मारता आले नाहीत. १९२७ मध्ये रूथने ६० मारले तेव्हाही हेच घडले. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये जेवढे होमरन झाले त्यांतील जवळपास चौदा टक्के एकट्या रूथचे होते. इतरांच्या मानाने एवढा पुढे गेलेला माणूस शोधायचा तर आपल्याला ब्रॅडमनपाशीच जावे लागते. हे दोघे १९३२ साली न्यूयॉर्कला यांकी स्टेडियममध्ये भेटलेही होते.

१९२० च्या ऑगस्टमध्ये यांकीजच्याच पिचरचा चेंडू डोक्याला लागून क्लीव्हलंडचा रे चॅपमन मरण पावला आणि त्यानंतर अंपायर मळलेले चेंडू तातडीने बदलू लागले. थुंकी लावण्यावर त्या हंगामाच्या आधीच बंदी आली होती. जुन्या मोजक्या पिचरांना तेवढी सवलत मिळाली. पुढच्या दशकात सगळीकडेच होमरन वाढले त्याची ही कारणे, आणि म्हणून रूथला नव्या, पांढऱ्या, टणक चेंडूचा फायदा मिळाला असे काही जण म्हणतात. परंतु तो चेंडू इतरांनाही मिळत होता, आणि रूथचा धडाका चॅपमनच्या मृत्यूच्या आधीच सुरू झाला होता. चेंडू उचलून दूर मारता येतो, आणि त्यासाठी पुन्हापुन्हा चेंडू हुकून बाद (स्ट्राइक-आउट) होण्याची नामुष्की पत्करणे हा तोट्याचा व्यवहार नाही, हे त्याने पहिल्यांदा करून दाखवले. बाकीच्यांना ते पटायला काही वर्षे जावी लागली.

रूथच्या ७१४ विषयी एक गंमत क्वचितच सांगितली जाते. जुलै १९१८ मध्ये फेनवे पार्कवर बरोबरीत चाललेल्या सामन्याच्या दहाव्या डावात त्याने चेंडू कुंपणापलीकडे मारला. पण पहिल्या बेसवरचा सहकारी होमप्लेटवर पोहोचून धाव पूर्ण करताच सामना संपला, असा तेव्हाचा नियम असल्यामुळे रूथच्या खाती होमरन न लिहिता ट्रिपल (तिसऱ्या बेसपर्यंतचा फटका) लिहिली गेली. पुढे अर्ध्या शतकाने, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, विक्रमांची छाननी करणाऱ्या समितीने आधी तो होमरन धरायचे ठरवले आणि नंतर निर्णय फिरवला. तो निर्णय टिकला असता तर पुढे अ‍ॅरनला ७१५ वर नव्हे, ७१६ वर विक्रम मोडावा लागला असता. ज्या आकड्याला अमेरिकेने देवघरात ठेवले होते, तो आकडाच मुळी एका कालबाह्य नियमाने एकाने कमी होता.

रूथची खरी तळटीप मात्र वेगळी आहे. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता. मालकांचा आपसातला अलिखित करार होता आणि तो कोणत्याही लेखी नियमापेक्षा कडक होता. म्हणजे देशातील काही उत्तम पिचर रूथसमोर लीगच्या सामन्यात कधी उभेच राहिले नाहीत. ही टीप कोणत्याही विक्रमपुस्तकाने ७१४ खाली छापली नाही.

तो करार नसता तर ज्याचा आकडा आज आपण रूथशेजारी मांडला असता तो माणूस म्हणजे जॉश गिब्सन. १९११ साली जॉर्जियात जन्मलेला, पिट्सबर्गमध्ये वाढलेला हा कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षक) क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमधील, संघांकडून खेळला. १९७२ साली त्याला हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात घेतले तेव्हा त्याच्या फलकावर, लीगचे आणि इतर सामने धरून, ‘जवळजवळ ८००’ होमरन असे कोरले गेले. दुसरीकडे २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत सामावून घेतली, तेव्हा लीगच्या सामन्यांतील त्याचे होमरन दोनशेच्याही आत भरले. दोन्ही आकडे आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. लीगचा हंगाम छोटा असे. संघांचे पोट भरे ते गावोगाव हिंडून स्थानिक संघांशी खेळलेल्या सामन्यांवर, आणि त्यांतील अनेकांची नोंद कोणी ठेवली नाही. त्याच २०२४ च्या नोंदींनुसार कारकिर्दीतील सरासरीत, ३७२ हजारांश, आणि फटक्यांची ताकद मोजणाऱ्या स्लगिंगच्या प्रमाणात, ७१८ हजारांश, गिब्सन सर्वांच्या वर गेला. स्लगिंगमध्ये त्याने ज्याला मागे टाकले तो रूथच होता. जानेवारी १९४७ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी गिब्सन वारला. एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सनने ब्रुकलिनकडून खेळत कृष्णवर्णीयांसाठी मेजर लीगचे दार उघडले.

तळटिपेचा सर्वांत हास्यास्पद किस्सा रॉजर मॅरिसचा. १९६१ साली अमेरिकन लीगमध्ये दोन संघ वाढले आणि हंगाम १५४ सामन्यांवरून १६२ वर गेला. त्याच वर्षी यांकीजचे मॅरिस आणि मिकी मँटल हे दोघेही रूथच्या ६० चा पाठलाग करू लागले. तेव्हाचे कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, फोर्ड फ्रिक पूर्वी पत्रकार असताना रूथच्या नावाने वृत्तपत्रांत लेख लिहून देत असत. त्यांनी जुलैमध्येच जाहीर केले की १५४ सामन्यांच्या आत विक्रम मोडला नाही तर तो वेगळा नोंदवला जाईल. मँटल आजारपणामुळे ५४ वर थांबला. मूळचा अबोल मॅरिस पत्रकारांच्या गराड्याने इतका गांजला की त्याचे केस गळू लागले. १ ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याने ६१ वा होमरन मारला तेव्हा यांकी स्टेडियम अर्ध्याहून अधिक रिकामे होते. ‘मॅरिसच्या आकड्यापुढचे तारांकन’ हा पुढे वाक्प्रचारच होऊन बसला, पण तसे तारांकन अधिकृतपणे कुठेही छापले गेले नव्हते. दोन विक्रम शेजारी-शेजारी दिले जात एवढेच. १९९१ मध्ये समितीने विक्रम एकट्या मॅरिसचा असल्याचे मान्य केले. ते ऐकायला तो नव्हता. १९८५ मध्येच त्याचे निधन झाले होते. आठ सामने जास्त मिळाले म्हणून हिशेब मागणाऱ्यांनी रूथला कोणाविरुद्ध खेळावे लागले नाही याचा हिशेब मात्र मागितला नाही.

आता हँक अ‍ॅरन. त्याच्याबाबत मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. मी अटलांटाच्या उपनगरात राहतो आणि या शहरात अ‍ॅरनविषयी तटस्थ राहणे अवघड आहे. परंतु माझे कारण गावकीचे नाही. अ‍ॅरनने एकाही हंगामात ५० होमरन मारले नाहीत. त्याचा सर्वोत्तम हंगाम १९७१ चा, ४७ होमरनचा, आणि तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. चार वेळा त्याने बरोबर ४४ मारले, आणि त्याच्या पाठीवरचा क्रमांकही ४४ च होता. १९५५ पासून १९७४ पर्यंत सलग वीस हंगाम त्याने किमान २० होमरन मारले. धडाका, दिपवून टाकणे, एका उन्हाळ्यात देश वेडा करणे यांतले काहीही त्याच्या वाट्याला आले नाही. तो दरवर्षी आपले काम करून घरी गेला आणि एके दिवशी लोकांच्या लक्षात आले की हा रूथच्या दारात येऊन उभा आहे. एकूण हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, ३,७७१. त्यांतून ७५५ होमरन वजा केले तरी ३,०१६ उरतात, आणि तीन हजार हिट्स ही बेसबॉलमध्ये थोरवीची स्वतंत्र खूण मानली जाते. म्हणजे एकही होमरन न मारता तो थोर ठरला असता.

त्याचीही तळटीप आहे. त्याचा ब्रेव्ह्ज संघ १९६६ मध्ये मिलवॉकीहून अटलांटाला आला, आणि समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर असलेले अटलांटाचे मैदान त्या काळी मेजर लीगमधील सर्वांत उंचावरचे होते. तिथे चेंडू सुटा जाई. अ‍ॅरनला रूथपेक्षा जवळपास चार हजार वेळा अधिक बॅटिंग करायला मिळाली. रूथला एका होमरनसाठी सरासरी पावणेबारा ॲट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या) लागले, अ‍ॅरनला सोळाहून थोडे अधिक. केवळ वेगाचा निकष लावला तर अ‍ॅरन यादीत बराच खाली जातो. पण बावीस-तेवीस वर्षे गुडघे, मनगटे आणि नजर शाबूत ठेवून ताज्या दमाच्या पिचरांसमोर उभे राहणे हे कमअस्सल कौशल्य आहे असे मला वाटत नाही, आणि जो निकष दीर्घायुष्यालाच दोष मानतो तो मला संशयास्पद वाटतो.

१९७३ चा हंगाम संपला तेव्हा अ‍ॅरन ७१३ वर होता. त्या वर्षी त्याला नऊ लाखांहून अधिक पत्रे आली. बरीचशी शुभेच्छांची होती, परंतु गोऱ्या रूथचा विक्रम काळ्या माणसाने मोडू नये म्हणून जिवाची धमकी देणारीही पुष्कळ होती, आणि मुलांच्या अपहरणाच्याही धमक्या होत्या. त्याच्यासोबत पोलीस अंगरक्षक फिरू लागला. ती पत्रे त्याने फेकली नाहीत, जपून ठेवली. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात लॉस एंजेलिस डॉजर्सच्या अल डाउनिंगच्या चेंडूवर त्याने ७१५ वा होमरन मारला. डाउनिंगही कृष्णवर्णीय होता आणि त्याच्याही पाठीवर ४४ हाच क्रमांक होता. अ‍ॅरन बेस ओलांडत असताना दोन गोरे तरुण प्रेक्षकांतून धावत त्याच्याजवळ पोहोचले. ते पाठ थोपटायला आले आहेत की कशाला, हे ठरवायला स्टँडमधल्या अंगरक्षकापाशी क्षणभराचाच अवधी होता. त्याच्याजवळ पिस्तूल होते आणि त्याने ते काढले नाही. होमप्लेटवर आईने मुलाला मिठी मारली. कमिशनर बोवी कून त्या सामन्याला हजर नव्हते.

ते स्टेडियम १९९७ मध्ये पाडले आणि तिथे आता वाहनतळ आहे. ज्या ठिकाणी तो चेंडू कुंपण ओलांडून गेला तिथे कुंपणाचा एक तुकडा आणि ७१५ चा फलक मोटारींच्या रांगांमध्ये उभा आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी तिथे आग्रहाने नेतो. बहुतेकांना तिथे काय पाहायचे हे कळत नाही आणि ते सौजन्याने फोटो काढतात.

अमेरिकन वादांत सादाहारू ओहचे नाव घेतले की लगेच ‘पण तो जपानमध्ये’ असे म्हटले जाते. टोकियोत जन्मलेल्या, चिनी वडिलांच्या आणि जपानी आईच्या या डावखुऱ्या मुलाने योमिउरी जायंट्सकडून १९५९ ते १९८० या काळात ८६८ होमरन मारले. सुरुवातीची काही वर्षे तो सामान्यच होता. हिरोशी अराकावा या प्रशिक्षकाने त्याला पुढचा पाय उचलून एका पायावर तोल सांभाळत चेंडूची वाट पाहायला शिकवले, ऐकिडोचे धडे दिले आणि खऱ्या तलवारीने टांगलेला कागद कापण्याचा सराव करून घेतला. जपानमधील मैदाने लहान होती, पिचरांचा सरासरी दर्जा कमी होता, हे मान्य. पण हंगामही १३० ते १४० सामन्यांचाच होता, आणि एका होमरनसाठी त्याला साडेदहाच्या थोडे वर ॲट-बॅट लागत, म्हणजे रूथपेक्षाही कमी. नोव्हेंबर १९७४ मध्ये टोकियोत अ‍ॅरन आणि ओह यांच्यात होमरनची स्पर्धा झाली आणि अ‍ॅरन १०-९ असा जिंकला.

ओहच्या विक्रमाची काळी बाजू वेगळीच आहे, आणि ती त्याच्या बॅटची नाही. १९६४ मध्ये त्याने एका हंगामात ५५ होमरन मारले होते. पुढे १९८५ मध्ये रँडी बॅस, २००१ मध्ये टफी ऱ्होड्स आणि २००२ मध्ये अ‍ॅलेक्स काब्रेरा हे परदेशी खेळाडू त्या आकड्याजवळ आले तेव्हा ओह स्वतः ज्या संघांचा मॅनेजर होता त्यांच्या पिचरांनी त्यांना मारण्याजोगा चेंडूच दिला नाही. तो विक्रम अखेर २०१३ मध्ये व्लादिमीर बॅलेंटीनने ६० मारून मोडला. अटलांटाच्या टपालपेटीत जे शब्दांत आले होते, ते टोकियोत चेंडू बाहेर टाकून व्यक्त झाले. तीव्रतेत फरक आहेच, पण वृत्ती नात्यातली वाटते.

१९९८ विषयी थोडक्यात. १९९४ च्या संपाने वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका रद्द झाली होती, प्रेक्षक रुसले होते, आणि मार्क मॅग्वायर व सॅमी सोसा यांच्या शर्यतीने ते परतले. मॅग्वायरने ७० मारले, सोसाने ६६. ऑगस्टमध्येच मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडायोन या स्नायू वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या औषधाची बाटली पत्रकाराला दिसली होती, पण लीगमध्ये तेव्हा उत्तेजकांची चाचणीच नव्हती आणि कोणालाही उत्सवात विघ्न नको होते. स्टेरॉइड्स घेतल्याची कबुली मॅग्वायरने २०१० मध्ये दिली. त्या काळाच्या सुजेचे माप हवे असेल तर सोसाकडे पाहावे: त्याने तीन हंगामांत ६० चा टप्पा ओलांडला आणि त्या तिन्ही हंगामांत त्याच्या लीगमध्ये पहिला क्रमांक दुसऱ्याचाच होता.

बॅरी बॉन्ड्सने हे सगळे पाहिले. तो स्वतः खेळाडूचा मुलगा, थोर खेळाडू विली मेज हा त्याचा धर्मपिता, आणि १९९८ पर्यंतच त्याची कामगिरी हॉल ऑफ फेमला पुरेशी होती. २००० पर्यंत त्याने एका हंगामात ४९ पेक्षा अधिक होमरन मारले नव्हते. २००१ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्याने ७३ मारले, दर साडेसहा ॲट-बॅटला एक. त्यापुढचा काळ तर खेळाच्या नियमांनाच कोड्यात टाकणारा आहे. २००४ मध्ये त्याला २३२ वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाले, त्यांतले १२० जाणूनबुजून दिलेले. १९९८ मध्येच अ‍ॅरिझोनाच्या मॅनेजरने, तिन्ही बेस भरलेले असताना आणि आपली आघाडी दोनच धावांची असताना, बॉन्ड्सला मुद्दाम वॉक देऊन एक धाव फुकट दिली होती, आणि तो सामना त्याने जिंकलाही. पिचरांना वाटणारी भीती हा निकष धरला तर बॉन्ड्सच्या जवळपास कोणी येत नाही, रूथसुद्धा.

बे एरियात राहणारे माझे एक मराठी स्नेही त्याची बाजू तावातावाने मांडतात. त्यांचे म्हणणे असे की तेव्हा पिचरही तेच घेत होते, मालकांनी गल्ले भरले, पत्रकारांनी पुस्तके लिहिली, आणि शिक्षा मात्र एकाच माणसाला. यातले बरेचसे मला पटते. जाणूनबुजून उत्तेजके घेतल्याचे बॉन्ड्सने कधी मान्य केले नाही. उत्तेजके पुरवणाऱ्या बाल्को प्रयोगशाळेच्या प्रकरणात २०११ मध्ये न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला आणि २०१५ मध्ये अपिलात तो निर्णय रद्द झाला. पण उतारवयात त्याचा फटका ज्या रीतीने वाढला त्याचा खुलासा मला नुसत्या कसरतीने होत नाही, आणि ‘सगळेच घेत होते’ हे म्हणणे घेतले नाही अशांवर अन्याय करते. त्यामुळे ७६२ हा विक्रम आहे हे मी मान्य करतो, तो पुसावा असेही मला वाटत नाही, पण बॉन्ड्सला मी रूथ-अ‍ॅरनच्या वर बसवत नाही. ७ ऑगस्ट २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने ७५६ वा होमरन मारला तेव्हा अ‍ॅरन तिथे नव्हता. मोठ्या पडद्यावर त्याचा आधी चित्रित केलेला अभिनंदनाचा संदेश दाखवला गेला. तो चेंडू एका फॅशन व्यावसायिकाने लिलावात विकत घेतला, लोकांचे मत मागवले आणि त्या कौलानुसार चेंडूवर तारांकन कोरून तो कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमला दिला. मॅरिसच्या वेळी जे फक्त बोलण्यात होते ते चामड्यावर उमटले. चेंडूला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. बॉन्ड्सला २०२२ मध्ये, पत्रकारांच्या मतदानातील त्याच्या शेवटच्या वर्षी, ६६ टक्के मते पडली, आणि लागतात ७५.

अलीकडच्या काळात यांकीजच्या अ‍ॅरन जजने २०२२ मध्ये ६२ मारून अमेरिकन लीगमधील मॅरिसचा विक्रम मोडला आणि उत्तेजकांच्या चाचण्यांच्या काळातला हाच खरा विक्रम असे म्हणणारे लोक पुन्हा पुढे आले. मला २०२५ मधील सिअ‍ॅटलच्या कॅल रॅलीचे ६० अधिक विचारात पाडतात. आकडा रूथच्या १९२७ च्या आकड्याइतकाच, खेळ मात्र पुरता निराळा. रूथला दिवसाच्या उजेडात, अनेकदा एकाच थकत चाललेल्या पिचरला चौथ्यांदा सामोरे जायला मिळे. आज प्रत्येक दोन-तीन डावांनंतर ताशी १६० किलोमीटरने फेकणारा ताजा माणूस येतो. उलट १९२७ मध्ये मेजर लीगमध्ये सगळे मिळून हजार होमरनसुद्धा झाले नव्हते, आता ते पाच हजारांच्या पुढे असतात. माणूस आणि काळ वेगळे काढता येत नाहीत म्हणून मी रॅलीला रूथशी जोखतच नाही. रॅली कॅचर आहे. सामन्यातला प्रत्येक चेंडू उकिडवे बसून पकडायचा आणि मग बॅट घेऊन उभे राहायचे हे त्याचे काम. त्यामुळे त्या उन्हाळ्यात कॅचरांच्या विक्रमाची यादी सगळीकडे झळकली, आणि त्याने मोडलेला आकडा होता साल्वाडोर पेरेझचा, २०२१ मधील ४८. गिब्सनही कॅचरच होता. तो त्या यादीत नाही, कारण त्याच्या लीगचा हंगाम रॅलीच्या हंगामाच्या निम्म्याच्या आसपास संपायचा, आणि उरलेल्या उन्हाळ्यात तो ज्या गावांत खेळला तिथल्या सामन्यांचे कागद कोणी जपले नाहीत.